अक्काच्या दोन खोल्या

परवा अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा विकतचा हुरडा घेतला. स्टेशन रोडवर एका हातगाडीसमोर ती थांबली, दोन दाणे उचलले, नखानं दाबून पाहिले आणि गाडीवाल्याला म्हणाली, "दोन दिस उशीर केलास बाबा. चीक निघून गेलाय ह्याच्यातला." गाडीवाला पिंगळीचा होता. तो म्हणाला, "मावशी, एवढं कळतंय तर मंग घरचाच खायाचा की."  अक्कानं पिशवी पुढं केली. मी बाजूला उभी होते आणि हा सगळा प्रकार लवकर आटपावा असं मला फार वाटत होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पुण्यात असते, मुलाकडं, सातव्या मजल्यावर. थंडीत आठ-दहा दिवस माझ्याकडं परभणीला येते. ती येते ते दिवस नेमके हुरड्याचे. मग मला चार वर्षांमागचा तो हंगाम आठवतो, येलदरी धरणाजवळचं तिचं शेत आठवतं आणि शेताच्या कडेला तिनं बांधलेल्या दोन खोल्या आठवतात. आठवतं म्हणते, पण खरं सांगायचं तर मी ते विसरायच्या खटपटीत असते.

माझा धंदा जरा विचित्र आहे. मी हॉटेलं बघते. हे ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे हॉटेलात राहायचं, खायचं, हिंडायचं आणि वर पगार घ्यायचा? हो, तसंच. एक प्रवासी कंपनी जगभर माणसं पाठवते. माणसं पाठवायच्या आधी माझ्यासारखं कुणीतरी तिथं जाऊन एक-दोन रात्री झोपून येतं आणि लांबलचक तक्ता भरून देतं. मी खोलीत शिरले की आधी दारात उभी राहून वास घेते. प्रत्येक खोलीला पहिली पाच मिनिटं स्वतःचा वास असतो, नंतर नाकाला तो कळत नाही. मग चादरीचा कोपरा उचलते. नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते मोजते. उताणी पडून ऐकते. नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही परभणीला परत आलो, तरी काम सुटलं नाही. वर्षातून तीन-चारदा मी हैदराबादची गाडी धरते आणि तिथून कुठंतरी उडते.

अशा खोल्या डोक्यात साठत जातात. हनोईतलं एक हॉटेल इतकं अरुंद होतं की जिन्यात समोरून माणूस आला तर एकानं मागं फिरायचं. झांझिबारला उशीच्या अभ्र्याला लवंगेचा वास होता आणि खिडकीखाली एक बाई दिवसभर नारळ खवत बसलेली. आइसलँडमधल्या एका शेतघराची किल्ली कुंडीखाली ठेवलेली होती. मी तिथं दोन दिवस राहिले, मालकाचं तोंड पाहिलं नाही, निघताना किल्ली परत कुंडीखाली ठेवली. हे सगळं मला आवडतं की नाही हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. इतक्या ठिकाणी राहून आल्यावर माणूस थोडा कोरडा होतो. नवरा म्हणतो, थोडा नाही, चांगलाच.

दाजी गेल्यावर अक्का शेतात एकटी राहायला लागली. एकदा विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून पडली आणि तासभर तशीच पडून राहिली. तेव्हापासून तिच्या मुलानं, प्रमोदनं, हट्टच धरला. पोरगा चांगला आहे, आईवर जीव आहे त्याचा. तो म्हणायचा, "आई, पुण्याला चल. मला हापिसात बसून तुझीच काळजी." अक्का म्हणायची, "मी तिथं काय करू? गॅलरीत उभं राहून गाड्या मोजू?" शेवटी मायलेकरांत तोडगा निघाला. हल्ली शहरातली माणसं हुरडा खायला शेतात येतात, मुक्कामाला राहतात, हे अक्कानं ऐकलं होतं. तिनं दोन खोल्या बांधल्या, पत्र्याच्या, पण भिंती पक्क्या. दारात उभं राहिलं की धरणाचं पाणी दिसायचं. खोल्यांवर माणसं यायला लागली तर गडी-बाई ठेवता येईल, सोबत होईल, ती एकटी राहणार नाही. प्रमोद म्हणाला, "एक सुगी बघू. चाललं तर ऱ्हा खुशाल. न्हाई चाललं तर शेत बटईनं कसायला द्यायचं आन पुण्याला यायचं. मंग मागंपुढं बघायचं न्हाई." अक्का म्हणाली, "कबूल." तिचा शब्द म्हणजे शब्द.

कंपनी तेव्हा गावाकडचे मुक्काम शोधत होती. मी वर कळवलं की माझ्या बहिणीचं असं एक ठिकाण आहे. बहीण आहे हे लपवलं नाही. त्यांनी सांगितलं, तक्ता तुम्हीच भरा, फक्त बरोबर एक पाहुणी घेऊन जा, खरी प्रवासी, म्हणजे परीक्षा खरी होईल. ती पाहुणी म्हणजे मार्ता. पोलंडची, साठीच्या पुढची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. उंच, शांत, कमी बोलणारी. खांद्यातून आडवी टाकलेली एक लहानशी कातडी पिशवी तिच्या अंगावर कायम असायची. मी तिला परभणी स्टेशनवर उतरवून घेतलं तेव्हा पुस महिना लागला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि कणसं नुकती भरत आलेली.

अक्कानं काय काय करून ठेवलं होतं! बाजेवर नवी गादी, तिच्यावर तिनं स्वतः शिवलेली गोधडी. कोनाड्यात आरसा, फणी, खोबरेल तेलाची बाटली आणि पावडरचा डबा. "पाव्हण्याला लागतं," म्हणाली. गरम पाणी चुलीवरच्या हंड्यात, त्यामुळं न्हाऊन आलं की अंगाला थोडा धुराचा वास. खोलीला पहिल्या पाच मिनिटांत ओल्या चुन्याचा आणि कडब्याचा वास होता. मी सगळं लिहून घेतलं. अक्का माझ्या मागं-मागं होती. मी चादर उचलली तेव्हा ती म्हणाली, "इजू, काय बगायलीस? ढेकूण न्हाईत माज्या घरात." माझं नाव विजया. अक्काच्या तोंडी कायम इजू.

तिला मी सांगून टाकलं होतं की ह्या तीन दिवसांत मी बहीण नाही, तपासायला आलेली बाई आहे. ती म्हणाली, "बरं बाई सायेब," आणि मला ताटात आधी वाढलं.

अक्काच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत. आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ झाली की ती पूर्वेकडं तोंड करून बसते, लिंग डाव्या तळव्यावर घेते, भस्म लावते, डोळे मिटते. मार्ता लांब पायरीवर बसून हे बघायची. तिनं मला विचारलं, की घरातल्या देव्हाऱ्यापेक्षा देव असा गळ्यात का? मी अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "तिला म्हनावं, परगावी जायाला बरं पडतं. द्येव मागं ऱ्हात न्हाई." मार्तानं ते वहीत लिहून घेतलं आणि बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसली.

दुसऱ्या दिवशी धरणाच्या कडेनं फिरताना मार्ताला तळलेल्या मासळीचा वास आला. तिचा चेहरा बघून अक्कानं ओळखलं. आमच्या घरात मासळी चालत नाही, पण पाहुण्याची इच्छा मारायची कशी? अक्कानं तिला पाण्याच्या काठी राहणाऱ्या रखमा भोईणीकडं जेवायला बसवलं आणि स्वतः बांधावर लिंबाखाली तासभर बसून राहिली. मी म्हटलं, "अक्का, तू घरी जा, मी आणते तिला." ती म्हणाली, "माजी पाव्हणी हाय. मी सोडून कशी जाऊ?" तक्त्यात जेवणाचा रकाना होता, त्यात मी लिहिलं: पर्यायी जेवणाची सोय जवळच उपलब्ध.

आणि हुरडा. दुपार कलली की वावरात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची. गुळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात खुपसायची. हिरवा वास हळूहळू गोडसर होत जातो, दाणा फुगतो, कुठंतरी टच्च आवाज येतो. मग गरम कणीस तळव्यात धरून चोळायचं. हात पोळतात, पण थांबलं की दाणा निबर होतो. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गुळाचा खडा, दही, बोरं. मार्तानं पहिली मूठ तोंडात टाकली आणि खायचं सोडून दाण्यांकडं बघत राहिली. अक्कानं तिचे हात आपल्या हातात घेऊन चोळायचं कसं ते दाखवलं. मार्ताचे गोरे तळवे काळे झाले. ती हसली. त्या तीन दिवसांत ती मोठ्यानं हसली ती तेवढीच. अक्का तिच्या पुढ्यात मुठीमागून मूठ टाकत होती. मार्तानं हाताचा पंजा आडवा धरला की अक्का पंजा बाजूला करून वाढायची. "म्हनावं, हुरडा कुनाला बाधत न्हाई."

आता निघायच्या दिवसाचं सांगायचं, पण त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाही तर अक्का वेडी वाटेल.

आमचं माहेर ताडकळसचं. लहानपणी आमच्याकडं पाहुणा आला आणि निघायला लागला की घरातली माणसं त्याची पिशवी लपवायची. आधी तोंडानं आग्रह व्हायचा. "आजच्या दिस ऱ्हावा." "न्हाई, कामं पडल्यात." "कामं काय पळून जायलीत का?" पाहुणा ऐकत नाही असं दिसलं की पिशवी गायब. कधी कणगीमागं, कधी माळ्यावर, कधी शेजारच्या घरी. पाहुणा सगळीकडं शोधायचा, आम्ही सगळे भोळे चेहरे करून त्याच्याबरोबर शोधायचो, तेवढ्यात एसटी निघून जायची. मग पाहुणा खोटं-खोटं रागवायचा, पुन्हा पटका काढून ठेवायचा आणि आई चहाला आधण ठेवायची. आमची एक मावशी तर बाजाराच्या दिवशी येऊन चार-चार दिवस अडकायची. जो खरंच घाईत असेल तो येतानाच सांगायचा, की बाई, ह्या वेळी पिशवीला हात लावू नका. आणि ज्याची पिशवी कुणीच लपवली नाही, तो पाहुणा मनातून खट्टू होऊन जायचा. आपण नकोसे झालो, असं त्याला वाटायचं. पुन्हा तो लवकर यायचा नाही.

मार्ताची गाडी दुपारी बाराची होती. तिथून परभणी दीड-दोन तास, म्हणून सकाळी नवाला निघायचं ठरलं. मार्ता न्हायला गेली तेव्हा तिनं ती कातडी पिशवी बाजेवर ठेवली. तीन दिवसांत अंगावरून पहिल्यांदाच काढून अशी मोकळी ठेवली असावी. न्हाऊन आली तर पिशवी नाही. तिनं गादी उचलली. गोधडी झटकली. मग ती बाहेर आली. तिचे केस ओले होते आणि ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाली, माझा पासपोर्ट त्यात आहे. औषधं आहेत. सगळं त्यात आहे.

मी अक्काकडं पाहिलं. अक्का चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता. आमच्या आईचा, मावशीचा, ताडकळसच्या सगळ्या बायांचा. मला तो भाव पाठ आहे.

"अक्का, पिशवी कुठाय?"

"कुठली पिशवी?" ती म्हणाली. "असंल की तिथंच. बगू द्या तिला. ऱ्हाईल आजच्या दिस, काय बिघडतंय?"

मार्ता माझ्या जवळ आली. तिनं आवाज खाली आणला, वर्गात एखाद्या मुलाला दुसऱ्यांसमोर लाज वाटू नये म्हणून मास्तरीण बोलते तसा, आणि विचारलं, "मला इथून जायची मोकळीक आहे ना?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.  खरं सांगते, त्या क्षणी मला मार्ताची दया आली नाही की अक्काची आली नाही. मला माझी लाज वाटली. मी, जगभरच्या खोल्या बघून आलेली, आणि माझ्याच माणसांच्या दारात एक म्हातारी बाई घाबरून उभी. मी अक्कावर ओरडले. मार्तासमोर, न्यायला आलेल्या जीपवाल्यासमोर. म्हटलं, "हे घर न्हाई अक्का, मुक्कामाची जागा आहे. लोक इथं राहतात आणि जातात. पाहुण्यांच्या वस्तूला हात लावणाऱ्याला जगात सगळीकडं चोर म्हणतात."

अक्काचे हात परातीत थांबले. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि पिठाच्या डब्यातून पिशवी काढून आणली. ज्वारीचं पीठ पिशवीच्या शिवणीत बसलं होतं, पासपोर्टवरही भुरभुरलेलं. अक्कानं ते पदरानं पुसलं. एकेक पान उलटून पुसलं. तिला वाचता येत नाही, पण कागद महत्त्वाचा आहे एवढं आता तिला कळलं होतं. मग तिनं दोन्ही हातांनी ती पिशवी मार्ताच्या पुढं धरली. मला फक्त म्हणाली, "तिला सांग, लोभानं केलं."

मी सांगितलं. रीतही समजावून सांगितली. मार्तानं ऐकलं, मान हलवली आणि खाली बसली. बसून राहिली. तोवर साडेदहा वाजले होते आणि गाडी मिळण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. तो एक दिवस आम्ही तिघी त्या शेतात वावरलो ते एकमेकींना वाट देत. अक्कानं दुपारी आगटी पेटवली, पण मार्ताच्या पुढ्यात एकच मूठ टाकली आणि हात मागं घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्ताचं सगळं सामान अक्कानं स्वतः बाहेर आणून जीपमध्ये चढवलं.

वाटेत मार्ता बराच वेळ ज्वारीकडं बघत होती. जिंतूर मागं पडल्यावर म्हणाली, "तुमच्या बहिणीनं मला खरंच थांबवलं. फार वर्षांत असं कुणी केलं नव्हतं." ती हे चांगलं म्हणून सांगत होती की वाईट म्हणून, मला आवाजावरून कळलं नाही. विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. स्टेशनवर ती म्हणाली, "तुम्ही जे लिहाल ते मला मान्य आहे. तुमची माणसं तुम्हालाच जास्त कळतात."

तक्ता मी परभणीला घरी बसून भरला. स्वच्छता, चांगली. पाणी, पुरेसं. शांतता, उत्तम. जेवण, उत्तम. मग एक प्रश्न होता: पाहुण्याला स्वतःच्या इच्छेनं येता-जाता येतं का? त्यापुढं मी लिहिलं, नाही. खाली दोन ओळींत कारण लिहिलं. आणि शेवटी, शिफारस करता का, ह्याच्यापुढंही नाही. कुणी म्हणू नये की बहिणीचं म्हणून सूट दिली. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते खरंही होतं. पण त्याच्याखाली दुसरं एक खरं होतं. मला अक्काचा राग आला होता. तिनं मला त्या बाईसमोर गावंढळ ठरवलं, असं मला वाटलं होतं.

जपानमध्ये एका जुन्या सराईत मी राहिले होते. निघाले तेव्हा मालकीण दारात येऊन कमरेत वाकली. मी शंभर पावलं गेले, वळून पाहिलं, ती वाकलेलीच. वळणावर पुन्हा पाहिलं, अजून तिथंच. मी तिथल्या तक्त्यात पूर्ण गुण दिले आणि लिहिलं, की निरोपाची अशी रीत पाहायला माणसानं मुद्दाम यावं. जॉर्जियाच्या डोंगरात एका यजमानानं आमच्या ड्रायव्हरच्या हातातून गाडीची चावी काढून घेतली होती. अजून एक पेला झाल्याशिवाय चावी मिळणार नाही म्हणाला. त्या पेल्याचे सात पेले झाले आणि आमचा अख्खा दिवस गेला. मी लिहिलं, आतिथ्याची जिवंत परंपरा. हे दोन्ही तक्ते माझ्याकडं अजून आहेत. मध्यंतरी कपाट आवरताना मी ते तिसऱ्या, अक्काच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचले आणि परत आत ठेवले.

कंपनीनं नकार कळवला. मी अक्काला फोनवर सांगितलं, "अक्का, त्यांनी न्हाई म्हटलं." ह्यात खोटं एक अक्षर नाही. ती म्हणाली, "जाऊ दे माय. तू लय खटपट केलीस." त्या सुगीत तिच्याकडं ओळखीपाळखीचे दोन-तीन घोळके हुरड्याला आले, खाऊन गेले. मुक्कामाला कुणी राहिलं नाही. ज्वारी वाळली, काढणी झाली, खळं झालं. पाडव्याच्या आधी प्रमोद गाडी घेऊन आला. शेत बटईनं दिलं. खोल्यांत आता बटईदार खताची पोती ठेवतो. निघताना अक्का रडली का, हे मला ठाऊक नाही. मी तेव्हा मोरोक्कोत होते, एका हॉटेलातल्या कारंज्याचा आवाज झोपेत त्रास देतो का ते बघत.

परवा हातगाडीवरचा हुरडा घरी आणून आम्ही तव्यावर परतला. अक्कानं दोन दाणे तोंडात टाकले, चावले आणि वाटी माझ्याकडं सरकवली. दुपारची वेळ होती, गॅलरीत ऊन आलं होतं, आम्ही दोघी चटईवर बसलो होतो. तिला पुण्याहून शेजारणीचा फोन आला. हुरड्याचा विषय निघाला असावा. अक्का तिला सांगायला लागली, "आमी तर खोल्या बांधल्या व्हत्या बाई मुक्कामाच्या. माज्या ह्या धाकट्या बहिणीनं लय खटपट केली, पार परदेशातली पाव्हणी घेऊन आली. पण त्या लोकांना न्हाई पटलं. नशीब आपलं." मग ती माझं कौतुक करायला लागली. कुठकुठल्या देशांची नावं तिला पाठ आहेत, ती तिनं सगळी घेतली. चुकीच्या क्रमानं, पण एकही न गाळता.

ती फोन ठेवेपर्यंत मी थांबले आणि सांगून टाकलं. आतून काही फुटलं वगैरे नाही. नळ सोडावा तसं सांगितलं. की कंपनीनं नाही म्हटलं, ते मी तक्त्यात 'नाही' असं लिहिलं म्हणून. की मार्तानं काहीच लिहिलं नव्हतं, तिनं माझ्यावर सोडलं होतं. की माझ्या एका शब्दावर होतं.

 गॅलरीच्या कठड्यावर अक्कानं बाजूला टाकलेले निबर दाणे होते, तिथं चिमण्या आल्या. तिनं त्यांना हाकललं नाही.

"काय लिवलं व्हतंस?" तिनं विचारलं. "वाचून दाव."

मी उठून कपाटातून तक्ता आणला आणि एकेक रकाना तिला मराठीत सांगत गेले. स्वच्छता, पाणी, शांतता, जेवण. प्रत्येकाला ती मान हलवत होती. तपासलेली वही परत मिळालेल्या पोरीसारखी ती ऐकत होती. पाहुण्याला जाता येतं का, नाही, हे मी वाचलं तेव्हाही तिनं मान हलवली.

"खरंच लिवलंस," ती म्हणाली. "न्हाईच जाऊ देत मी कुनाला. ते मला जमायचं न्हाई. आज बी जमायचं न्हाई."

"अक्का, माझं चुकलं."

"तुजं कामून चुकंल? तुजं कामच हाय ते. डोळ्यानं दिसलं ते लिवायचं." तिनं तक्ता माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, मागच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. "येक इचारू का? रागावू नको. तू चार दिस ऱ्हायलीस माज्या खोलीत. गोधडी घेतलीस, हुरडा खाल्लास. सकाळी दारात उभी ऱ्हाऊन पान्याकडं बगत व्हतीस, मी चुलीपून बगायची तुला. तुला आवडलं व्हतं का न्हाई तिथं? तेवढं सांग."

इतकी वर्षं मी हे काम करते, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला आणि आठवावं लागलंच नाही. पहाटे उठून मी दार उघडायचे तेव्हा पाण्यावर धुकं असायचं आणि मागून भाकरीचा आवाज यायचा. जगात दुसरीकडं कुठं मी अलार्म न लावता उठले नाही.

"आवडलं होतं," मी म्हटलं. "लय आवडलं होतं."

"मंग ते कामून न्हाई लिवलंस?" अक्का म्हणाली.